डोकी मोजण्याआधी

कवीने आकड्यांवर बोलावे, हे ऐकायला जरा चमत्कारिक वाटेल. शाळेत असताना गणिताशी माझे फारसे जमले नाही आणि पुढे पदवीही बी.ए.चीच घेतली. पण अलीकडे आकडेच माझा पाठलाग करतात. आमच्या भागात, म्हणजे पेणपासून नागोठणे, निडी, रोह्यापर्यंत, दिवा-रोहा गाडीने प्रवास केला की निडी येईपर्यंत कुणीतरी विषय काढतोच. ‘हे लोक मुळात बाहेरून आले.’ ‘त्यांची संख्या बघा कशी वाढतेय.’ ‘पन्नास वर्षांनी आपले काय होणार?’ बोलणारी माणसे वाईट नसतात. माझे नाव कळले की आवाज खाली येतो, कुणी सरकून जागाही करून देतो. पण विषय काही संपत नाही.

आमच्या मोहल्ल्यात गेलो की दुसरा हिशेब ऐकू येतो. तिथली तरुण मुले मोबाइल पुढे करून सांगतात, ‘बीजगणित आपण दिले, दवाखाने आपण काढले, आकाशातल्या ताऱ्यांची नावेसुद्धा आपली.’ एका बाजूला आकड्यांची भीती आणि दुसऱ्या बाजूला शोधांची बढाई. दोन्ही बाजू इतिहासाचा हवाला देतात. म्हणून म्हटले, आज आपल्याच किनाऱ्याचा इतिहास उघडून बघावा.

निडीच्या एका अंगाला नागोठण्याची अंबा नदी आणि दुसऱ्या अंगाला रोह्याची कुंडलिका. कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, आणि तिथेच चौल आहे. आज चौल म्हटले की नारळी-पोफळीच्या वाड्या आणि जुनी देवळे आठवतात. हजार वर्षांपूर्वी ते मोठे बंदर होते. अरब प्रवासी ज्याला ‘सैमूर’ म्हणत ते हेच चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बगदादचा अल् मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास इथे आला. त्याने लिहून ठेवले आहे की सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. ओमान, बसरा, बगदाद, सिराफ अशा ठिकाणांहून आलेले व्यापारी त्यांत होते. आपल्या किनाऱ्यावरच्या मुसलमानांच्या मोजणीचा हा फार जुना आकडा.

पण मसूदी नुसता आकडा सांगून थांबत नाही. या वस्तीतल्या बऱ्याच लोकांना ‘बयासिरा’ म्हणतात आणि त्याचा अर्थ हिंदमध्येच जन्मलेले मुसलमान, असे तो सांगतो. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीही इथे ‘आलेले’ आणि ‘इथेच जन्मलेले’ असे दोन्ही लोक होते. या वस्तीचे आपसांतले तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. राज्य कुणाचे होते? उत्तर कोकणात शिलाहार राजा झंझ आणि त्याच्यावर मान्यखेटचे राष्ट्रकूट सम्राट. या झंझाने शंकराची बारा देवळे बांधल्याचे शिलाहारांचे लेख सांगतात. बारा शिवालये बांधणारा राजा आपल्या बंदरात दहा हजार मुसलमानांची व्यवस्था लावतो, यात त्या काळी कुणाला विसंगती वाटली नाही. बंदर चालवायचे तर माणसे लागणार, हा व्यवहार होता.

याहून नवलाची गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात आहे. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा हा लेख. राष्ट्रकूटांनी संजाण मंडलाचा कारभार एका ताजिकाकडे सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब. संस्कृत लेखात त्याचे नाव ‘मधुमती’ असे आले आहे. मूळ नाव मुहम्मद. या मधुमतीने नदी ओलांडायला मोफत नावा ठेवल्या, अन्नसत्र काढले. भगवतीच्या देवळाजवळच्या मठासाठी गाव आणि जमीन देण्याची परवानगीही त्याच्याच कारकिर्दीत दिली गेली. मुहम्मदचा मधुमती करणारा तो लेखनिक कोण होता कोण जाणे, पण माझ्यातल्या कवीला त्याचा हेवा वाटतो.

हा ‘ताजिक’ शब्द आपल्याकडे आणखी एका वाटेने टिकला. ज्योतिषी वर्षफल काढतात, त्या पद्धतीचे नाव ताजिक. त्यातला ‘इत्थशाल’ योग म्हणजे अरबी ‘इत्तिसाल’, म्हणजे जोडले जाणे. ज्योतिषावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, शब्द मात्र कुठून आला ते पाहा. हिशेब, रक्कम, बाकी हे आपले रोजचे शब्दही अरबीतूनच आले. ‘रकम’ म्हणजे अरबीत आकडा. समुद्रावर गेलात तर खलाशी, सुकाणू आणि नाखवा. आणि ज्या पावसाची आपण मे महिन्यापासून वाट पाहतो, ते मोसमी वारे. ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला हंगाम. वारा ठरल्या वेळी फिरणार, या भरवशावर ती गलबते चौल-ठाण्याला येत आणि वारा उलटा फिरला की परत जात. जे परत गेले नाहीत त्यांचे संसार इथे झाले. आम्ही कोकणी मुसलमान बहुतांशी त्या संसारांतून आणि इथल्याच कोळी-कुणबी-आगऱ्यांच्या रक्तातून घडलो. म्हणून तर आमच्यातही गावाच्या नावापुढे ‘कर’ लावणारी आडनावे आहेत.

माणसे आली तशा इथून काही गोष्टी बाहेरही गेल्या. त्यांतली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे अंक. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची, हे त्यात नियम घालून दिले आहे. इ. स. ७७० च्या दशकात सिंधमधून गेलेल्या एका शिष्टमंडळाबरोबर हे ज्ञान खलिफा अल् मन्सूरच्या बगदादला पोचले आणि तिथे त्याचा अरबी अनुवाद झाला. पुढे अल् ख्वारिझ्मी या गणितीने साधारण इ. स. ८२५ मध्ये हिंदी अंकांवर पुस्तक लिहिले. त्याच्या मूळ अरबी प्रती आज मिळत नाहीत, लॅटिन अनुवाद मिळतो. त्याच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावात ‘अल् जब्र’ हा शब्द होता, त्यावरून ‘अल्जिब्रा’ झाले. त्याच्या स्वतःच्या नावावरून संगणकवाल्यांचा ‘अल्गोरिदम’ आला.

हे अंक युरोपात गेले तेव्हा त्यांचे स्वागत कसे झाले? इटलीतल्या फिबोनाचीने १२०२ मध्ये त्यांची ओळख करून दिली. पण १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या चोपड्यांत हे अंक वापरायला बंदी घातली. परके अंक, त्यांत खाडाखोड सोपी, फसवणूक होईल, अशी धास्ती होती. रकमा अक्षरांतच लिहायच्या, असा नियम झाला. बंदी फार टिकली नाही, कारण त्या अंकांनी हिशेब सोपा होत होता. अरब लोक त्यांना ‘हिंदी अंक’ म्हणतात, युरोप ‘अरबी अंक’ म्हणतो आणि आपल्या राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदात त्यांचे नाव आहे ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’. ज्या अंकांनी आपण एकमेकांची डोकी मोजतो, तेच इतका प्रवास करून घरी आले आहेत.

आता आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांशी दोन शब्द. बाळांनो, तुमचा अभिमान खोटा नाही. डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून दिसते, अशी जुनी समजूत होती. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो, हे इब्न अल् हैसमने अकराव्या शतकात प्रयोग करून मांडले. इब्न सीनाचा वैद्यकावरचा ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवत. अल् बिरूनीने संस्कृतच्या पंडितांकडे बसून इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. हे सगळे खरे. पण ते घडले कसे, हेही वाचा. ग्रीक वैद्यकाचे अरबी अनुवाद करणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. साबित इब्न कुर्रा हा गणिती हर्रानच्या तारापूजक साबी पंथाचा. ज्यांनी अनुवादांना पैसा पुरवला ते बर्मकी वजीर बल्खच्या बौद्ध विहाराच्या प्रमुखांचे वंशज. हारून अल् रशीदच्या काळात मंका नावाचा हिंदी वैद्य बगदादमध्ये होता आणि सुश्रुताचे ज्ञान अरबीत नेण्यात त्याचा हात होता. बगदाद मोठे झाले ते बाहेरून येणाऱ्याला आणि बाहेरच्या पुस्तकाला त्याने दार उघडे ठेवले म्हणून. नुसती ‘आपण दिले’ अशी पावती फाडून त्या शहराचे वारस होता येत नाही.

आणि वारसा सांगायचा तर आजचा आकडाही सांगायला हवा. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुसलमान विद्यार्थी साधारण २१ लाख, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. लोकसंख्येतला वाटा मात्र २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४.२ टक्के. २००६ मध्ये सच्चर समितीने हेच दुखणे दाखवले होते. त्यात गरिबी आहे, दुजाभाव आहे, सरकारी उपेक्षाही आहे. पण दहावी झाली की पासपोर्ट काढून आखाताकडे डोळे लावायचे, ही आमची सवयही त्यात आहे. अल् ख्वारिझ्मीचे नाव घेणाऱ्याने आपल्या गल्लीतली किती मुले बारावीला गणित घेऊन बसली, तेही मोजावे.

‘बाहेरचे’ आणि ‘इथले’ हा वाद हिंदू-मुसलमानांमध्येच होतो असे कुणाला वाटत असेल, तर बहमनी राज्याचा इतिहास वाचावा. तिथे हा वाद मुसलमानांमुसलमानांत होता. इराण-अरबस्तानातून आलेल्यांना ‘आफाकी’, म्हणजे परदेशी, म्हणत आणि पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्यांना ‘दख्खनी’. नोकऱ्या कुणाला, जहागिऱ्या कुणाला, यावरून दोघांत कत्तलीपर्यंत मजल गेली. इराणच्या गिलान प्रांतातला महमूद गावान दाभोळ बंदरात उतरून बिदरला गेला आणि मुख्य वजीर झाला. त्याने १४७२ मध्ये बिदरला मोठा मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. १४८१ मध्ये दख्खनी सरदारांनी खोटे पत्र पुढे करून त्याला सुलतानाकडून ठार करवले. धर्म एकच होता, तरी ‘बाहेरचा’ हा शब्द त्याच्या गळ्याशी आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले.

उलट उदाहरणही आहे. हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून, गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने औरंगाबादेला पाण्याची नहर बांधली. जमिनीच्या खालून खापराच्या नळांतून डोंगरातले पाणी शहरात आणणारी ती नहर कित्येक पिढ्या चालली. आणि आमच्या नागोठण्याचा जुना दगडी पूल? तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधल्याची नोंद जुन्या कुलाबा गॅझेटियरमध्ये आहे. निजामशाहीच्या फौजेला चौलकडे जाण्यासाठी तो बांधला म्हणतात. फौजा गेल्या, निजामशाही गेली. पुलावरून बाजाराला जाणाऱ्या बायाबापड्या मात्र पुढे शेकडो वर्षे जात राहिल्या. मला विचाराल तर विज्ञानातले योगदान म्हणजे हेही.

आता जन्मदराकडे येतो, कारण खरा काटा तिथेच आहे. आधी आकडा कसा फसवतो ते पाहा. २००४ च्या सप्टेंबरमध्ये २००१ च्या जनगणनेतले धर्मवार आकडे जाहीर झाले. मुसलमानांची दशकातली वाढ ३६ टक्के, अशा बातम्या आल्या आणि देशभर गदारोळ उठला. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. तिथले लोक नव्या बेरजेत होते, जुन्या बेरजेत नव्हते. ही चूक काढल्यावर वाढ सुमारे २९ टक्क्यांवर आली. दुरुस्ती आतल्या पानात छापली गेली आणि ३६ हा आकडा मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

पुढच्या दशकात, २००१ ते २०११, ही वाढ २४.६ टक्क्यांवर उतरली. हिंदूंची १६.८ होती. मुसलमानांची वाढ जास्त होती, हे लपवण्याचे कारण नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काय सांगते? १९९२-९३ मध्ये मुसलमान स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ मध्ये २.४ झाली. त्याच काळात हिंदू स्त्रीमागे ३.३ वरून १.९. दोघांमधले अंतर एका मुलाहून जास्त होते, ते अर्ध्या मुलाच्याही आत आले. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ चा दर लागतो. २०१९-२१ मध्ये साऱ्या देशाचा दर २.० होता आणि महाराष्ट्राचा १.७.

धर्मापेक्षा शाळा जास्त बोलते. त्याच सर्वेक्षणात शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीमागे २.८ मुले आहेत, बारावी वा पुढे शिकलेल्या स्त्रीमागे १.८. केरळात मुसलमानांचे प्रमाण बिहारपेक्षा बरेच जास्त, पण केरळचा एकूण दर १.८ आणि बिहारचा ३.०. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रीमागे सहाहून जास्त मुले होती. तिथे मुली शाळेत गेल्या, लग्नाआधी कुटुंबनियोजनाचे वर्ग सक्तीचे झाले आणि वीस वर्षांत दर दोनच्या आसपास आला. तुर्कस्तानात २०२३ मध्ये तो १.५१ इतका खाली गेला. आता त्या देशांचे राज्यकर्ते मुले कमी होतात म्हणून काळजीत आहेत.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा समाजाने त्यांना छळले. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी मुसलमानांमध्ये तेच बोलायचे धाडस केले, त्यांनाही छळले. आज दोघांचेही म्हणणे घराघरांत पोचले आहे. माझ्या दादीला नऊ मुले झाली, आईला पाच, आम्हाला दोन. मुलीला एकच आहे आणि ती म्हणते, ‘अब्बा, आता पुरे.’ हे कुणा मौलवीला विचारून झाले नाही की कुणा पुढाऱ्याच्या भाषणाने झाले नाही. बाळंतपणात बायका मरेनाशा झाल्या, मुले जगू लागली, मुली शिकल्या. हीच गोष्ट शेजारच्या आगरी, कुणबी, मराठा घरांतही झाली, थोडी आधी इतकेच.

कोकणाला खरी चिंता वेगळीच आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. रत्नागिरीची जवळपास पाच टक्क्यांनी, सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांहून जास्त. तरुण मुंबईला गेले, घरे कुलूपबंद झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांची पटसंख्या घसरते आहे. कुठे मराठी शाळा बंद होते, कुठे उर्दू. धाटावच्या कारखान्यांत आणि नागोठण्याच्या बांधकामांवर उत्तरेकडचे मजूर राबतात, आणि आम्ही सगळे मिळून, हिंदूही आणि मुसलमानही, त्यांच्याकडे बघत म्हणतो, ‘हे बाहेरचे फार झाले.’

आमचे लोकही बाहेरचे झालेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमान केपटाउनला जाऊन राहिले. १९०२ मध्ये तिथल्या वसाहतीने कायदा केला, की येणाऱ्याला युरोपीय भाषेत लिहिता आले पाहिजे. घरी कोकणी बोलणाऱ्या माणसाला रोखायला एवढे पुरेसे होते. आज आखातात, आफ्रिकेत, इंग्लंडमध्ये आमची मुले आहेत, तशी पेण-अलिबागच्या पाटील-म्हात्र्यांचीही आहेत. युरोपात २०१६ मध्ये मुसलमान सुमारे पाच टक्के होते, तरी तिथे ‘आपण नाहीसे होणार’ अशी भीती घालणारी पुस्तके खपतात. ती वाचणारा गोरा माणूस रस्त्यातून जाणाऱ्या आपल्या पोराला थांबवून विचारत नाही, की बाबा, तू म्हात्रे की मुकादम? त्याच्या लेखी दोघेही बाहेरचेच.

२०२१ ची लांबलेली जनगणना होऊन तिचे धर्मवार आकडे येतील तेव्हा पुन्हा गदारोळ होईल. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. आकडा ऐकला की विचारा, मागच्या दहा वर्षांत तो चढला की उतरला? ज्याच्याशी तुलना चालली आहे तो तितकाच शिकलेला, तितकाच पोट भरलेला आहे का? आणि आपल्या गावच्या शाळेत पहिलीला किती मुले आली, त्यांतल्या किती मुली बारावीपर्यंत पोचतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरकार छापील पुस्तकांत देईल. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपल्यालाच गावात फिरून गोळा करावे लागेल, आणि तेव्हा कुठलाही मोहल्ला, कुठलीही आळी गाळून चालणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)